मामाच्या ॲप्रनचा खिसा

माझा मामा वीसेक वर्षं बाटल्यांकडे बघत बसला. हे मी थट्टेनं म्हणत नाही, त्याचं कामच ते होतं. काचेच्या कारखान्यात एक उजेडाचा पडदा, पडद्यासमोर स्टूल, स्टुलावर मामा, आणि त्याच्यापुढून रांगेनं सरकणाऱ्या बाटल्या. एखादीच्या गळ्याला केसाएवढी चीर दिसली, बुडात बुडबुडा दिसला, की हात पुढे करायचा आणि ती मागच्या पिंपात टाकायची. धड बाटली आपली पुढे निघून जायची. म्हणजे सबंध नोकरीत मामाचा हात लागला तो फक्त बिघडलेल्या बाटल्यांना. मग कारखान्यानं कॅमेरा आणला. कॅमेरा चहा मागत नाही, त्याची पाठ धरत नाही. मामा घरी आला.

घरी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. लग्न झालेलं नव्हतं. आजी होती तोवर तिचं दुखणंखुपणं काढण्यात दिवस जायचे. ती गेली आणि त्या खोल्यांत बोलायला भिंती तेवढ्या उरल्या. माझी आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, फोनवरून त्याला रोज एक नवी नोकरी सुचवायची. शेवटी कुठूनसा तिला बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा पत्ता लागला.

"अगं, पोरांना शिकवायचं? मी?" मामा म्हणाला.

"तुला कोण शिकवायला सांगतंय? गप्प बसून बघायचं काम आहे. ते तुला चांगलं जमतं," आई म्हणाली.

आईपुढे मामाचं कधी चाललेलं नाही. त्यानं अभ्यासक्रम केला आणि पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर एका बालवर्गात नोकरीला लागला. त्याच सुमारास मलाही त्याच गावात चष्म्याच्या दुकानात काम मिळालं आणि मी त्याच्या बाहेरच्या खोलीत येऊन पडलो. दिवसभर मी लोकांना "आता दिसतंय का? आणि आता?" असं विचारायचो. संध्याकाळी मामाला विचारायचो.

पहिल्या दिवशी तो आला तो खुर्चीत बसलाच नाही, सरळ जमिनीवर आडवा झाला.

"कसा गेला दिवस?"

"गुडघे गेले," मामा म्हणाला. "तिथल्या खुर्च्या माझ्या पोटरीएवढ्या आहेत. बसलो की गुडघे कानाला लागतात."

"आणि पोरं?"

"मला बाई म्हणतात."

मी हसलो ते बराच वेळ हसलो.

"हस, हस. मोठ्या बाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं, हे सर आहेत, यांना सर म्हणायचं. तर एक पोरगं म्हणतं, बरं, सरबाई."

आमच्या लहानशा गावातल्या शाळेत मास्तर म्हणजे आधी आवाज, मग छडी, आणि सगळ्यात शेवटी माणूस. त्यामुळे सहा फुटांचा सरबाई ही कल्पना मला झेपायला वेळ लागला. मामाला मात्र त्या सरबाईचं फारसं काही वाटलं नाही. त्याला काळजी वेगळीच होती. आठवडाभर तो वर्गाकडे कारखान्याच्या डोळ्यांनी बघत होता आणि जिकडेतिकडे त्याला चिरा दिसत होत्या. शनिवारी तो मोठ्या बाईंकडे गेला. मोठ्या बाई म्हणजे बालवर्गाच्या मुख्य. त्यांची सबंध हयात पोरांत गेलेली.

"बाई, निम्मा वर्ग सदोष आहे," मामानं सांगितलं.

"काय आहे?"

"एक मुलगी लपायचं म्हणून वर्गाच्या मधोमध डोळे मिटून उभी राहते. एकजण खेळातला फोन कानाला लावून नुसती मान डोलावतो, पलीकडच्याला दिसावं तशी. एकानं खडू खाल्ला. तोंडाभोवती सगळा पांढरा, आणि मला सांगतो, फळ्यानं खाल्ला. आणि बांधकामाच्या कोपऱ्यात दोघं पाठीला पाठ लावून आपापलं खेळतात, एकमेकांशी चकार शब्द नाही, आणि वर म्हणतात आम्ही मिळून खेळतोय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून त्यांना पाणी आलं होतं.

"सर, तुमच्या बाटल्या तयार होऊन तुमच्यापुढे यायच्या. ही अजून भट्टीत आहेत. तीन-साडेतीन वर्षांचं माणूस असंच असतं. बिघाड कसला शोधताय? बघा नुसतं."

तेव्हापासून मामा बघायला लागला, आणि बिचाऱ्याला त्याचं वेडच लागलं. संध्याकाळी भाजी चिरता चिरता तो मला वर्गातली एकेक बातमी द्यायचा. पोरांना तो त्यांच्या गुणांवरून ओळखायचा, त्यामुळे मीही तशीच ओळखायला लागलो. सदानकदा तोंडानं भकभक करणारा तो इंजिन, पोरंही त्याला तेच म्हणायची. प्रत्येक गोष्टीवर "पण का?" विचारणारी ती वकीलबाई. मामाच्या बोलण्यात ही मंडळी इतकी यायची, की एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाशी बोलताना मी म्हणून गेलो, "आमचा इंजिनपण असंच करतो." गिऱ्हाइकानं चष्म्याआडून माझ्याकडे नीट बघून घेतलं.

एकदा मामा म्हणाला, "आज इंजिन ठोकळे रचत होता. आणि एकटाच बोलत होता. आता लाल. लाल कुठे गेला? हां, तू बस खाली. पडायचं नाही हं. मी म्हटलं कोणाशी बोलतो रे? तर वर बघितलंसुद्धा नाही. पुस्तकात आहे ते. या वयात पोरं काम करताना मोठ्यांदा स्वतःशी बोलतात. पुढे ते बोलणं हळूहळू आत जातं, मुकं होतं. आपण त्यालाच विचार म्हणतो."

मग तो शेगडीकडे वळला. "मीठ घातलं का? घातलं. आता झाकण. झाकण कुठं ठेवलं? हां."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं.

"आमचं आत जाऊन परत बाहेर आलंय," तो म्हणाला, आणि झाकण ठेवलं.

त्या वर्गात एक मुलगी होती. बाकीची पोरं पहिल्या दिवसांत भोकाड पसरून रडली आणि मोकळी झाली. ही आवाज न करता रडायची. आई तिला अगदी सकाळी सोडून कामावर जायची. वडील लांब कुठे तरी असत. ही फाटकाचा गज धरून उभी राहायची, गालांवरून पाणी, तोंड बंद. कोणी उचललं की लाकडासारखी ताठ. एक दिवस मामा तिच्याशेजारी फाटकापाशीच उकिडवा बसला. बालवर्गातल्या सगळ्या शिक्षकांना मोठ्या खिशांचे ॲप्रन असतात, रुमाल आणि खडू ठेवायला. कितीतरी वेळानं तिनं गज सोडला आणि हात मामाच्या खिशात घातला. खिशात खालच्या शिंप्याकडचं एक बटण चुकून आलेलं होतं. तिनं ते आतल्या आत चाचपलं. रडणं थांबलं. हात काही तिनं बाहेर काढला नाही. तशीच त्याला धरून वर्गात आली.

त्या दिवशी मामा जिना दोन-दोन पायऱ्या घेत वर आला. गुडघे बरे झाले असावेत.

मग रोज सकाळी तो आठवणीनं त्या खिशासाठी काही तरी घेऊन जायला लागला. कधी बटण, कधी बुचाचा तुकडा, कधी गुळगुळीत दगड. ती आली की हात खिशात. मामा फळ्याकडे गेला की ती फळ्याकडे, तो हात धुवायला गेला की ती हात धुवायला. तिचं नाव आम्ही खिशुली ठेवलं. शेजारच्या वर्गातल्या बाई मामाला म्हणायच्या, "सर, तुम्हाला शेपूट फुटलंय." मामाला ते आवडायचं. आजीनंतर त्याला कोणी धरून चाललं नव्हतं.

एका संध्याकाळी मी दुकानातून आलो तर मामा खाली शिंपीकाकांच्या दुकानात, त्यांचा सुट्या बटणांचा डबा पुढ्यात घेऊन बसलेला.

"मास्तर," शिंपीकाका म्हणाले, "एवढी बटणं नेताय, सदरा कधी शिवायचा?"

मामानं एक निळं बटण निवडलं. जुन्या सवयीनं दिव्यासमोर धरून चीर आहे का बघितली.

जिना चढता चढता मी विचारलं, "अजून रडते का रे ती?"

"कोण?"

"कोण काय, तुझी खिशुली."

"छे. रडायची केव्हाच थांबली."

"मग बटण कशाला?"

"आवडतं तिला." दोन पायऱ्यांनंतर म्हणाला, "सवय झालीय."

"तिला की तुला?"

मी आपलं गमतीनं विचारलं होतं. मामानं कुलूप काढलं, दिवा लावला आणि भाजी चिरायला बसला. त्या संध्याकाळी इंजिनाचीसुद्धा बातमी मिळाली नाही.

त्यानंतर मामाला ताप आला. तो थोडे दिवस अंथरुणातच होता. परत शाळेत गेला त्या दिवशी मोठ्या बाईंनी त्याला खोलीत बोलावलं. तिथं काय झालं ते त्यानं मला घरी आल्यावर जसंच्या तसं सांगितलं, पाठ केल्यासारखं.

"सर, तुम्ही नव्हता तेव्हा ती मुलगी काय करत होती, ठाऊक आहे? खुंटीवर तुमचा ॲप्रन होता. त्याच्या खिशात हात घालून उभी. दिवसभर, सर. खायला नाही, खेळायला नाही. खुंटीखाली उभी."

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

"सत्र संपलं की ही सगळी वरच्या वर्गात जाणार, दुसऱ्या बाईंकडे. तिला ॲप्रनसकट पाठवू का? असंच राहिलं तर मला तिच्या आईला सांगावं लागेल, अजून वर्षभर घरीच ठेवा. आणि घरी कोण आहे तिच्या? आईनं काम सोडायचं, नाही तर पोरीनं कुणाच्या तरी दारात बसून राहायचं."

"मी हळूहळू कमी करतो, बाई."

"काय कमी करता? तिनं पकडलंय, की तुम्ही रोज आमिष लावताय? मला बटणं दिसतात, सर."

मामाच्या मते बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या निरीक्षणाला बसा," त्या म्हणाल्या. "ॲप्रन काढून. वर्ग मी घेते."

निरीक्षण ही त्या बालवर्गाची पद्धत होती. शिक्षकानं कोपऱ्यात बसायचं, एकच मूल निवडायचं आणि त्याच्याकडे बघायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, मूल जवळ आलं तरी हात पुढे करायचा नाही. खुर्ची व्हायचं, असं त्याला तिथं म्हणतात. मामानं आयुष्य त्यात काढलेलं. अवघड काय होतं?

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी घरीच होतो. त्यानं पाणी प्यायलं आणि सांगायला सुरुवात केली.

"आधी ती माझ्यापाशी आली. खिसा शोधला. नव्हता. शर्टाला हात लावला, पँटला लावला. मी खुर्ची. मग माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. किती वेळ ते विचारू नकोस."

"रडली?"

"तेच ते, आवाज न करता. अरे, बाटली उचलायची असली की हात आपोआप पुढे जायचा माझा. आज त्याच हाताला मांडीखाली दाबून बसलो होतो."

"मग?"

"मग दमली. माणूस रडून दमतं. वळली, आणि वर्गाकडे बघायला लागली. आणि मला काय दिसलं सांगू? ती पोरं कुठं काय करतात ते तिला सगळं माहीत होतं. ठोकळे कोणत्या फळीवर, रंग कोणाकडे, इंजिन कुठून वळतो. इतके दिवस माझ्या खिशात हात घालून ती त्यांच्याकडेच बघत होती रे. मला वाटायचं, माझ्याबरोबर असते."

मी पंखा कमी केला, उगाचच.

"गेली. इंजिनाच्या शेजारी, त्याच्याकडे पाठ करून बसली. तो रचतोय, ही रचतेय. मग हिनं हळूच मागे हात नेऊन त्याचा एक ठोकळा घेतला. त्यानं हिला ढकललं. ही पडली आणि लगेच माझ्याकडे बघितलं."

"तू उठलास."

"नाही उठलो. ती उठली. ठोकळा परत घेतला आणि म्हणाली, माझाय. सगळ्या सत्रात त्या वर्गातल्या पोराशी बोललेला पहिला शब्द. इंजिन म्हणाला, नाही, माझाय. तो ओढतोय, ही ओढतेय. मोठ्या बाई माझ्याकडे बघून अशा हसल्या, जसं काही ती दोघं स्तोत्र म्हणतायत."

मी विचारलं, "मग चांगलं झालं की?"

"चांगलंच झालं," मामा म्हणाला. आणि शाळेतून आणलेला ॲप्रन काखेत मारून खाली शिंपीकाकांकडे गेला. मीही मागोमाग गेलो.

"हा खिसा शिवून टाका," त्यानं सांगितलं.

"फाटलाय?"

"नाही. तोंड बंद करा त्याचं."

शिंपीकाकांनी ॲप्रन उलटापालटा करून बघितला. "मास्तर, जन्मभर लोकांना खिसे लावून दिले. बंद करून मागणारे तुम्ही पहिले. आत काही राहिलंय का?"

मामानं हात घातला. निळं बटण होतं. त्यानं ते डब्यात टाकलं आणि मशीन चालू झालं. एवढ्याशा शिवणीला वेळ तो किती लागणार? पण मामा ती होईपर्यंत दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीची हकीकत मला ओढून काढावी लागली.

"हात घातला तिनं?"

"घातला. जाईना. परत चाचपलं. मग माझ्याकडे बघितलं."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, खिसा बंद झाला. म्हणाली, उघड. म्हटलं, उघडत नाही."

"आणि रडली."

"नाही. मारलं मला. गुडघ्यावर. दोन, चांगले सणसणीत." गुडघा चोळताना तो जरासा हसला. "मग गेली इंजिनाकडे. दिवसभर माझ्याशी कट्टी."

पुढे थोडे दिवस ती जाता-येता त्या शिवणीवरून बोट फिरवायची म्हणे. मग तेही विसरली. घरी मामाच्या बातम्या चालूच होत्या, पण खिशुलीच्या बातमीत आता मामा नसायचा. ती आणि इंजिन भांडले. ती आणि इंजिन एकाच डब्यातून जेवले. तिनं वकीलबाईचा चावा घेतला. वाढत्या अंगाच्या बातम्या, सगळ्या चांगल्या.

सत्राच्या शेवटच्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून मामाला आणायला शाळेच्या फाटकाशी गेलो. इतके महिने ज्यांच्याबद्दल ऐकत होतो ती मंडळी एकदा डोळ्यांनी बघावी असंही मनात होतं. ओळखायला वेळ लागला नाही. एक पोरगा भकभक करत सुटला होता आणि त्याच्या शर्टाचं टोक धरून एक बारीकशी मुलगी डबा झालेली होती. मोठ्या बाई मामाला सांगत होत्या, "हिचं वरच्या वर्गाचं पक्कं झालं. आणि सर, पुढच्या सत्राची नवी तुकडी तुमच्याकडेच."

मुलीची आई घाईघाईनं आली, कामाचे कपडे अंगावरच. मामाला म्हणाली, "सर, घरी सारखं इंजिन असं, इंजिन तसं. डोकं उठवलंय." मग पोरीला हाक मारली, "अगं, निघायचं. सरांना टाटा केलास का?"

गाडी तोवर फाटकाबाहेर गेली होती. डब्याला मागे बघता येत नाही. आई मामाकडे बघून ओशाळं हसली आणि पोरीच्या मागे धावली.

मामाचा हात खांद्यापर्यंत वर आला होता. तो त्यानं तसाच पुढे नेऊन चष्मा सारखा केला. तो चष्मा मीच बसवून दिलेला; घसरणं शक्य नव्हतं.

आम्ही चालत निघालो. वाटेत बाग लागली तेव्हा मामा म्हणाला, "बसू जरा." घसरगुंडीसमोरच्या बाकावर बसलो.

"इतक्या लहानपणचं काही राहत नाही डोक्यात," थोड्या वेळानं तो म्हणाला. "पुस्तकात आहे. तुला तुझं तीन वर्षांचं काही आठवतं?"

मी आठवून बघितलं. आई सांगते त्या गोष्टी आठवल्या. माझं स्वतःचं काही सापडेना.

"नाही."

"मी तुला खांद्यावर घेऊन फिरायचो. खाली ठेवलं की बोंब मारायचास."

"खरंच?"

"बघ," मामा म्हणाला, पण रागानं नाही. मग घसरगुंडीकडे बोट केलं. "तो लाल सदऱ्याचा. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतो, मग पुढची. तीन पुरी नाहीत. त्याच्या मागची बघ, एक पाय इथे, दुसरा वरच्या पायरीवर. चढली बघ सरळ. ही आपल्या वर्गातल्यांएवढी."

तो पुढे झुकून बघत होता, गुडघ्यांवर कोपर टेकून. लाल सदरेवाल्याच्या आईनं आमच्याकडे एकदा बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग मुलाला घसरगुंडीवरून उचललं आणि पलीकडच्या झोक्याकडे घेऊन गेली.

मामानं ते बघितलं. बघणं हेच तर त्याचं काम. तो उठला आणि पँट झटकली.

"चल."

"बस की. आत्ताच तर आलो."

"नको. आपलं पोर बरोबर नसलं की बागेत फार वेळ बसू नये."

"मी आहे की बरोबर."

मामानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या दाढीसकट.

"तू घसरगुंडीवर बसणारायस?"

"नाही."

"मग चल," मामा म्हणाला.